घर विकायला काढलं आणि आधी चमकवलं: तुमचे अनुभव सांगा

रामबागची_लेक

काल समोरच्या बंगल्यात पुट्टी घासायला माणसं आली. दुपारभर खर्रखर्र आणि माझ्या तुळशीवर पांढरी भुकटी. एकदम आमचं इंदूरचं रामबागेतलं घर आठवलं, विकायच्या आधीच्या दोन महिन्यांतलं.

2013 ची गोष्ट. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आई दादाकडे पुण्याला. घर आजोबांनी बांधलेलं. पुढे ओटा, मधे चौक, मागे मोरी, खाली गेरूचा लाल कोबा. दलाल म्हणाला, "दीदी, थोड़ा चमका दो, दो-चार लाख ऊपर मिल जाएँगे." चमकवलं. कोब्यावर पांढऱ्याधोप टाइल्स. देवघराच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, तिला पुट्टी आणि वर बदामी प्लास्टिक पेंट. मोरीचा कट्टा फोडून बेसिन. 1 लाख 70 हजार गेले, तेही माझ्या एफडीतले.

पहिलं गिऱ्हाईक ऐन श्रावणात आलं. मोठी माणसं छत बघत होती आणि त्यांचा पोरगा देवघराच्या भिंतीला नख लावत होता. हाताएवढा पोपडा पापडासारखा त्याच्या मुठीत आला. त्याने तो नेऊन आपल्या आजीला दिला! आजीने काही न बोलता माझ्याकडे दिला.

शेवटी ज्यांनी घेतलं ते आत आलेच नाहीत. टेपने दर्शनी बाजू मोजली, गल्लीची रुंदी मोजली आणि म्हणाले, "तोड़ना ही है." पाडताना दादा तिथे होता. टाइल उचकटली तर खाली कोबा तसाच लालभडक, म्हणाला. मी फोटो पाठव म्हटलं नाही, त्यानेही पाठवला नाही.

तुम्ही काय काय केलंत? काय उपयोगी पडलं, काय पाण्यात गेलं?

पोहे_जिरावन

रामबागेत कुठे गं? आम्ही नारायणबागेतले!! अनुभव मोठा आहे, कुकर लावलाय, येते.

लष्करवाला

ग्वाल्हेर. लष्कर भागातलं घर, छताला दगडी पटिये, म्हणजे लांब फरश्या. ब्रोकरने पीओपीचं फॉल्स सीलिंग करायला लावलं, मधे ते निळे दिवे वगैरे. जो येई तो वर बघून विचारी, "इसके पीछे क्या है?" म्हणजे लपवलंय तर काहीतरी असणारच. चौथ्या माणसाने सरळ सांगितलं, एक कोपरा उघडून दाखवा. उघडला. पटिये ठणठणीत. मग त्यालाच ते इतके आवडले की सगळं सीलिंग काढून द्या म्हणाला. म्हणजे लावायचे पैसे मी दिले, काढायचेही मीच.

गुनियाओळंबा

@रामबागची_लेक तुमच्या भिंतीचं सांगतो, धंदा तोच आहे. जुनी भिंत चुन्याची असते, तिच्यातली ओल बाहेर पडून वाळायला हवी. प्लास्टिक पेंट मारला की ती आत कोंडते, मग लोणा (क्षाराचा पांढरा थर) धरतो आणि रंग पुट्टीसकट सुटतो. आधी ओल कुठून येते ते शोधायचं. दहात सात वेळा गच्चीचं पन्हाळं तुंबलेलं किंवा मोरीचा पाइप गळका निघतो. तो दुरुस्त करून भिंत एक उन्हाळा वाळू द्यायची आणि नुसता चुना मारायचा. पण विकणाऱ्याला एक उन्हाळा धीर कुठला!

आत्याची_सही

आयडी बघूनच कळलं असेल 😀 आम्ही नवा रंग दिला, ग्रिल बदललं, नळ बदलले. गिऱ्हाईक पक्कं, बयाना (विसार) ठरला. मग वकिलाने विचारलं, आजोबांच्या नावावरून नामांतरण (वारसांची नावं लावणं) कुठे झालंय? झालंच नव्हतं. काका, दोन आत्या, एक आत्या गेलेली तर तिची मुलं. एक उज्जैनला, एक ह्यूस्टनला. चौदा महिने. तोवर नवीन रंग जुना झाला. आधी कागद, मग ब्रश.

विश्वामित्रीकाठ

बडोदा. आमच्याकडे गिऱ्हाईक रंग बघतच नाही, पहिला प्रश्न: "पाणी केटलुं आवेलुं?" ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर मांडीपर्यंत होतं. मुलाने तीन फुटांपर्यंत छान रंगवून घेतलं, रेघ दिसेना. पण शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर तशीच होती ना! बघायला आलेले काका आधी शेजारी गेले, मग आमच्याकडे आले. गालात हसत.

पुढच्या वेळी मी स्वतःच जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवली. विचारायच्या आत दाखवायची, इथपर्यंत, आणि मीटर त्याच्या वर घेतलाय. भाव खाली आला, खोटं कशाला बोलू. पण माणसं बसून बोलायला लागली.

सांदण

@विश्वामित्रीकाठ मगरी पण आल्या होत्या का अंगणात? बातम्यांत बघितलं होतं

विश्वामित्रीकाठ

आमच्या नाही, मागच्या सोसायटीत. जाहिरातीत टाकायचं राहून गेलं.

चकली_फसली

आम्हीही बडोदाच, दांडिया बाजार. वरच्या दोघांसारखा मोठा खर्च केला नाही कारण पैसेच नव्हते 😄 मी आणि सासूबाईंनी आठ दिवस माळा उपसला. तीन स्टोव्ह, एक बिनतळाचा बंब, लग्नातल्या पत्रावळी. सगळा भंगारवाल्याला. खोल्या एकदम मोठ्या वाटायला लागल्या. नळांचे वायसर, खिडक्यांच्या कड्या, दारांना तेल आणि प्रत्येक खोलीत पिवळा बल्ब काढून चांगला उजेड. सगळं मिळून साडेचार हजार.

आणि झोपाळा. पितळी कड्यांचा, काळा पडला होता. चिंच लावून घासला. जो येई तो आधी झोपाळ्यावर बसे. घेणाऱ्या बाईंनी तर तिथूनच नवऱ्याला फोन लावला. मग म्हणाल्या, झोपाळ्यासकट द्या. सासूबाई म्हणाल्या, घर न्या, झोपाळा माझ्या आईने दिलाय. त्यावरून सौदा मोडायची वेळ! शेवटी पाट त्यांना, कड्या आम्हाला. आता कड्या फ्लॅटमध्ये कपाटावर आहेत, छताला हूकच नाही.

मोगरा_७७

चिंचेने डाग राहतात. पितांबरी.

चकली_फसली

लगेच धुवायचं असतं हो. चिंच, मीठ, कोमट पाणी, धुऊन लगेच कोरडं पुसायचं.

मोगरा_७७

आमच्याकडे चिंच आमटीला लागते 😀

जमाखर्च

कामाचं थोडं. रंगरंगोटी, किरकोळ डागडुजी हे करात 'सुधारणा' म्हणून सहसा धरलं जात नाही, त्यामुळे ती बिलं जपून फार उपयोग नाही. 2001 च्या आधीचं घर असेल तर खरेदीची म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, व्हॅल्युअरकडून काढून घ्या. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला नफ्यावर कर 12.5 टक्के इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह, कमी पडेल तो हिशोब (भारतात राहणाऱ्यांसाठी). आणि 50 लाख किंवा वर सौदा असेल तर घेणारा पैसे देतानाच 1 टक्का कर (टीडीएस) कापतो, तो त्याने भरलाय का ते बघा. आमच्या भाडेकरूने... ते जाऊ द्या, वेगळा धागा होईल.

पोहे_जिरावन

आले. मामांचं घर, सुदामानगर. इंदूरकरांना सांगायला नको, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. घर बघायला येणारा शहाणा असेल तर नळ उघडून बघतोच. पहिल्या रविवारी पाण्याचा दिवस नव्हता. बाईंनी नळ फिरवला, तो नुसता खाकरला. "बोरिंग है क्या?" नाही. उठल्याच. तेव्हापासून मामा कॅलेंडर बघून वेळ द्यायचे. पाण्याच्या दिवशी, सकाळी, नळ आधीच धो धो, मागे बादली भरतेय. मामींनी वर म्हणायचं, "अहो, बंद करा, वाया चाललंय!"

मामींचा दुसरा हट्ट, आलेल्याला पोहे दिल्याशिवाय सोडायचं नाही. वरून शेव, जिरावन मसाला, डाळिंब. एक कुटुंब तीनदा आलं. तिसऱ्यांदा आजोबांनाही घेऊन. घर नाही घेतलं. मामी म्हणतात, पोहे आवडले हे काय कमी आहे?

सांदण

😂😂 मामी अजून बोलावतात का? आमचंही बघणं चालू आहे

लष्करवाला

भुट्ट्याचा कीसही करतात का? मग मीही घर घेणार आहे.

पोहे_जिरावन

करतात, पण पावसाळ्यात. कणसं कोवळी हवीत. दूध घालून आटवायचं, घाई नाही.

आत्याची_सही

@जमाखर्च ह्यूस्टनच्या भावाच्या हिश्श्यावर टीडीएस वेगळा कापला होता, बराच जास्त. बरोबर ना?

जमाखर्च

हो, परदेशी राहणाऱ्याला 1 टक्क्याचा नियम नाही. त्याला रिटर्न भरायला सांगा, जास्तीचा परत मिळेल.

रामबागची_लेक

किती हसले! @गुनियाओळंबा, पन्हाळंच असणार. बाबा दर मेमध्ये वर चढून त्यातला पिंपळाचं रोपटं उपटायचे. ते गेल्यावर कोणी चढलं नव्हतं.

आणि आत्ताच समोरच्या काकूंना विचारलं, घर विकताय का? "छे गं, मुलाचं लग्न आहे."

गुनियाओळंबा

भिंती कोरड्या आहेत का विचारा.