‘स्थानिक किंमत’ मुलांना कशी सांगावी?

चौथीच्या वर्गाला मोठ्या संख्या शिकवते आहे. ‘४७,३०५ मधल्या ७ ची स्थानिक किंमत सांगा’ म्हटलं की निम्मा वर्ग ‘सात’ म्हणतो, उरलेले ‘हजार’. ‘सात हजार’ म्हणणारे दोघं-तिघंच. काल एकाने विचारलं, “बाई, स्थानिक म्हणजे आपल्या इथली का?” त्याला चूक म्हणवेना. स्थानिक लोक, स्थानिक बातम्या, हेच त्याने ऐकलेलं. ‘स्थानमूल्य’ म्हटलं तर बरं पडेल का? आणि ‘दर्शनी किंमत’ कशी फोडून सांगावी?

*

‘स्थानमूल्य’ जास्त नेमका आहे, पण नऊ वर्षांच्या मुलाला ‘मूल्य’ हा शब्द ‘किंमत’पेक्षा दूरचा. शिवाय पुस्तकात आणि परीक्षेत ‘स्थानिक किंमत’च येणार.

‘दर्शनी’ला फार फोडायची गरज नाही. इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे समोरून दिसतो तो. ७ दिसायला सात, म्हणून दर्शनी किंमत ७. झालं.

‘स्थानिक’साठी मात्र मी आधी ‘घर’ म्हणते. हा शब्द आपल्याकडे याच अर्थाने आधीपासून आहे. आकडा लाखाच्या घरात गेला, ते साठीच्या घरात आहेत, असं आपण सहज बोलतो. बुद्धिबळाच्या पटावरचे चौकोनही घरंच. सात हा आकडा हजाराच्या घरात राहायला गेला की सात हजार होतो, दशकाच्या घरात गेला की सत्तर. हे अंगवळणी पडलं की ‘या घराचं पुस्तकी नाव स्थान, आणि स्थानावरून ठरते ती स्थानिक किंमत’ एवढंच सांगायचं उरतं.

*

‘घर’ पटलं. पण मला वाटतं खरी गोची ‘स्थानिक’मध्ये नाही, घरांच्या नावांत आहे. फळ्यावर आपण लिहितो लक्ष, दशहजार, हजार, शतक, दशक, एकक. आणि ५,४७,३०५ वाचतो कसे? पाच लाख सत्तेचाळीस हजार तीनशे पाच. फळ्यावर ‘लक्ष’, तोंडात ‘लाख’. फळ्यावर ‘शतक’, तोंडात ‘शे’. ‘दशहजार’ तर बोलताना कोणी उच्चारतच नाही. ‘चार दशहजार सात हजार’ म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. दशहजार आणि हजार ही दोन घरं एका दमात वाचायची असतात, हे मुलांना कोणीतरी उघड सांगायला हवं. स्वल्पविराम त्याच कामाचा: तो जिथे पडतो तिथे तोंडातून ‘लाख’ किंवा ‘हजार’ निघतं. मी मुलांना प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून घराचं नाव घ्यायला लावतो.

बाकी शब्दही दुहेरी आहेतच. शतक म्हटलं की मुलांना क्रिकेट आठवतं, एकक पुढे लांबी-वजनाच्या धड्यात वेगळ्याच अर्थाने भेटतं. म्हणून खालच्या वर्गांत एककांना ‘सुटे’ म्हणतात ते मला आवडतं. सुट्यांचा दशक बांधता येतो. एककाचा बांधला तरी तसं वाटत नाही.

(आणि ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र चार आधी. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी आलेल्या ‘वीस एक’वरून जो गदारोळ झाला त्याचं मूळ इथेच. तो वाद इथे नको.)

*

‘चाळीस हजार सातशे पाच’ लिहा म्हटल्यावर माझ्याकडे एकीने ४००००७००५ लिहिलं होतं. ऐकलं तसं लिहिलं: ४००००, मग ७००, मग ५. तिच्या डोक्यात प्रत्येक शब्दाची किंमत बरोबर होती, फक्त घरं शेजारी शेजारी मांडत गेली. कागदाच्या तीन पट्ट्या केल्या, त्यावर ४००००, ७०० आणि ५, आणि उजवी कड जुळवून एकावर एक ठेवायला दिल्या. वर ४०७०५ दिसलं. ती पट्ट्या उचलून खालची शून्यं पुन्हा पुन्हा बघत होती. ‘विस्तारित रूप’ (४०००० + ७०० + ५) हा शब्द त्यानंतर सांगितला, आधी नाही.

*

कोटीच्या पुढे काय, हे मुलं हमखास विचारतात, म्हणून जोडतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मराठीत अर्बुद मागे पडला, त्याच्या जागी दशकोटी आला. अब्ज मात्र तिथेच राहिला, शंभर कोटी. हिंदीतला ‘अरब’ अर्बुदावरून आलेला, पण त्याची किंमत आपल्या अब्जाएवढी. म्हणजे हा शब्द स्वतःच एक घर डावीकडे सरकला! ‘जलधी’ म्हणजे समुद्र हे सांगितलं की मुलं ते नाव विसरत नाहीत.

*

सगळ्यांचे आभार. आज घरं आखून ‘चार लाख सात’ लिहायला दिलं. एकजण म्हणाला, “मधली चार घरं रिकामी आहेत, पण पाडायची नाहीत.” ४,००,००७ बहुतेकांचं बरोबर आलं. मग एकीने विचारलं, शून्य कुठल्याही घरात गेलं तरी त्याच्या दोन्ही किमती शून्यच का? हो म्हटलं. “मग ते तिथे करतं काय?” उद्याचा तास त्यावरच घेणार आहे.