पाणी स्वच्छ दिसतंय, पण अमोनिया तपासलात का?

नव्या टाकीतलं पाणी नितळ असूनही गोल्डफिश एकेक करून मरतायत, आणि दर आठवड्याला सगळं पाणी बदलून फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुता, असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय तिथेच आहे. विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो माशांना घातक असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. कृपा करून अंदाजाने औषधं टाकू नका. टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. तोवर खाणं अगदी कमी, रोज साधारण २५ टक्के पाणी बदला, तेही क्लोरीन काढून. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर एअर पंप आजच लावा. टाकी किती लिटरची आहे?