एफटी८ वाले हॅम नव्हेत म्हणे! मग आम्ही कोण वो काका?

टिळकवाडी_टेरेस:
परवाची डिडाडिट काकांची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (हॅम म्हणजे लायसन्स घेऊन हौसेनं रेडिओ चालवणारे, आणि एफटी८ म्हणजे कॉम्प्युटरनं रेडिओवरनं छोटे डिजिटल निरोप पाठवायचा मोड.) काका म्हणतात, सूर्याच्या डागांच्या सायकल २५ चा पीक येऊन गेला, दहा मीटर बँड असा उघडा आता पुढच्या दशकातच मिळणार, आणि एवढ्या भारी काळात आजची पोरं काय करत होती तर २८.०७४ मेगाहर्ट्झवर, एफटी८ च्या जागेवर, माऊस धरून बसली होती. कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलतोय, ऑपरेटर चहा पितोय. मोर्स येत नाही त्यानं स्वतःला हॅम म्हणवून घेऊ नये, मोबाईलवर गेम खेळावा. खाली भरपूर अंगठे.

गप्प बसायचं ठरवलं होतं, बसवेना.

काका, तुमचं शेत आहे, तीन एलिमेंटचा बीम अँटेना फिरवता, आजूबाजूला म्हशींशिवाय कोणी नाही. आमचं बघा. तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, तिन्ही बाजूच्या गच्च्यांवर सोलर, जिन्यात स्वस्तातले एलईडी, चाळीस मीटर बँड लावला की नॉइजनं सिग्नलचा काटा एस-नाइनला चिकटलेला आणि ऊन वर आलं की इन्व्हर्टर सुरू, मग तर बोलूच नका. त्यात रिस्ट्रिक्टेडचे, म्हणजे खालच्या ग्रेडच्या लायसन्सचे, ५० वॅट. एसएसबीवर, म्हणजे आवाजात, घसा बसेपर्यंत सीक्यू (कोणी आहे का अशी हाक) मारला तरी कोण ऐकणार, आणि ऐकलं तरी मला त्याचं कुठलं ऐकू येणार? एफटी८ नॉइजच्या वीस डीबी खालचं उचलतं, ५० हर्ट्झ जागेत, १५ सेकंदांत. यात चीटिंग कुठे आहे?

आणि एण्ड-फेड अँटेनाचा ट्रान्सफॉर्मर मी हातानं गुंडाळलाय, दोन वेढे प्रायमरी, चौदा सेकंडरी. वायर चिव्याच्या काठीला बांधलीय, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे, जॉइंटमध्ये पाणी गेलं की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडनं परत येणाऱ्या पॉवरचं माप) उड्या मारतो, मग रेनकोट घालून गच्चीवर टेप सोडवा, वायर घासा, परत सोल्डर मारा, खालनं मालकीण ओरडत्या की वीज पडेल म्हणून. हे कॉम्प्युटर करत नाही काका. ऑडिओ जरा जास्त दिला की आपलाच सिग्नल बँडभर सांडतो, तेही बघावं लागतं.

आणि हा मोड काढणाऱ्यांत कोण आहे? जो टेलर, १९९३ चं फिजिक्सचं नोबेल. त्यांनाही सांगा गेम खेळा म्हणून.

डिडाडिट:
म्हशी मध्ये आणायची गरज नव्हती. बीम आभाळातनं पडला नाही, ॲल्युमिनियमचा पाइप भंगारातनं आणून कापलाय.

टेलर साहेबांबद्दल आदर आहेच. त्यांचे आधीचे मोड चंद्रावर आपटून येणारा, उल्केच्या शेपटीवरनं येणारा सिग्नल पकडायच्या खटपटीतले. तुम्ही एफटी८ वर काय करता? इंडोनेशिया, माइनस बारा, रॉजर, सेव्हंटी-थ्री म्हणजे शुभेच्छा, पुढचा. त्या माणसाचं नाव काय, तिकडे पाऊस आहे का, रेडिओ सेट कुठला, काही माहीत? आम्हाला मोर्स लष्कराच्या सिग्नल्समधनं रिटायर झालेल्या एका सुभेदारांनी शिकवला, कॅम्पात त्यांच्या व्हरांड्यात. सुरुवातीला कागद-पेन्सिल हातात घेऊ द्यायचे नाहीत. स्टीलच्या पेल्यावर अंगठीनं वाजवायचे आणि कोणी ओठ हलवून डिट-डा मोजायला लागला की तोच पेला डोक्यात. लायसन्सच्या वरच्या, जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्द लागतात, आठ! ते जमत नाही म्हणून रिस्ट्रिक्टेडवर बसायचं आणि वर ५० वॅटची रड सांगायची.

उद्यमबाग_फाउंड्री:
आठ शब्द तरी कशाला, हाच माझा प्रश्न आहे. २००३ ला आयटीयूनं, म्हणजे जागतिक दूरसंचार संघटनेनं, मोर्सची सक्ती काढली, अमेरिकेनं २००७ ला परीक्षेतनं काढून टाकला, आपण अजून पेला वाजवत बसलोय. मला फाउंड्रीत तीस वर्षं झाली, फर्नेसच्या आवाजानं कानाचं वाटोळं झालंय, ८०० हर्ट्झचा टोन मला ऐकूच येत नाही, म्हणजे मी जन्मभर रिस्ट्रिक्टेड? थिअरी मला विचारा, कोइल विचारा, फिल्टर विचारा. नाही, डिडाडिट पाहिजे.

डिडाडिट:
टोन खाली आणून ऐका. ४०० ला ठेवा. बहाणे नकोत.

उद्यमबाग_फाउंड्री:
परीक्षेत टोन मी ठरवतो का वो? 

निपाणीची_वायएल:
दोघांनाही एक सांगते. माझं जनरल आहे, सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, रोज करते, आणि मुलं झोपली की एफटी८ पण लावते कारण रात्री साडेअकराला माइकवर बोलले तर घर उठतं. म्हणजे मी अर्धी हॅम का? आणि काका, तुम्ही माणुसकीच्या गप्पा सांगता, मी नेटवर (ठरलेल्या वेळी सगळे रेडिओवर जमतात तिथे) चेक-इन केलं की अजून लोक "गुड इव्हनिंग ओएम", म्हणजे ओल्ड मॅन, म्हणतात, आवाज ऐकूनसुद्धा. एकदा तर "मिस्टरांना द्या" म्हणाले. एफटी८ वर कोणी मिस्टरांना मागत नाही.

बाकी एक गंमत. हॅम लोक जागा सांगायला वापरतात त्या मेडनहेड लोकेटरच्या नकाशात निपाणी आणि कोल्हापूर एकाच चौकोनात येतं, एमके७६. बेळगाव एमके७५. आमचा प्रश्न मेडनहेडनं कधीच सोडवलाय.

खडेबाजार_७३:
ताई निपाणीवाल्यांनी जिंकलं म्हणायचं, बेळगाव राहिलंच की मागे 😀 आता विषय निघालाच आहे तर, संध्याकाळच्या नेटवर मराठीत बोललं की "इंग्लिश प्लीज", कन्नडमध्ये बोललं की काही नाही, हे कुठल्या नियमात बसतं? नियम प्लेन लँग्वेज म्हणतो, कुठली ते म्हणत नाही.

निपाणीची_वायएल:
कन्नडवाल्यांनाही म्हणतात, तुम्ही त्या वेळी नसता. इथे सीमाप्रश्न नको, कृपा करा, मी गंमत केली होती.

राजहंसगड_सिम्प्लेक्स:
सगळे लांब पल्ल्याचे एचएफवाले भांडा. मला एवढंच सांगा, एफटी८ अडचणीच्या वेळी कामाचा आहे का? फ्री टेक्स्ट फक्त १३ अक्षरांचा. तेरा! त्यात काय बसवणार, "पाणी आलं" म्हणून गप्प बसायचं? २०१९ च्या ऑगस्टात आमच्या खानापूर बाजूला लाइट गेली, मग टॉवरचं डिझेल संपलं, मोबाईलचं खोकं झालं. गावात एका काकूंचं डायलिसिस होतं, रस्ता बंद. मी पाच वॅटचा हँडी आणि दुधाच्या गाडीची बॅटरी घेऊन माळावर चढलो, गळ्यापर्यंत भिजलो, टू मीटर बँडवर ओरडत होतो, बराच वेळ काही नाही. शेवटी शहरातल्या एकानं धरलं. त्यानं निरोप लिहून घेतला, परत वाचून दाखवला, हॉस्पिटलला फोन केला. आवाज, माणूस आणि हँडी. ना मोर्स ना एफटी८.

टिळकवाडी_टेरेस:
एफटी८ नं पुरात निरोप पाठवा असं मी कुठे म्हणालो? टाइप करून बोलायला जेएस८ आहे. आणि १० मे २०२४ ला सूर्यानं एवढं मोठं वादळ फेकलं, जी५, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, लडाखच्या हानलेत आभाळ लाल दिसलं, त्या वेळी एचएफ कोमात गेलं होतं, तेव्हा सुभेदारांचा पेला पण चालला नसता.

डिडाडिट:
सुभेदारांवर जाऊ नका. शेवटचं सांगतो.

वडगाव_व्हीएचएफ:
राजहंसगडनं टू मीटरचं नाव काढलं म्हणून लिहितो. त्या पुरात बँड रिकामा होता म्हणून धरलं तुम्हाला. आता पूर आला तर काय ऐकू येणार माहीत आहे? "मामा, डीजे पुढं घे रे." गणपतीत १४५ मेगाहर्ट्झ लावून बघा एकदा. प्रत्येक मंडळाकडे चार-सहा बाओफेंग वॉकीटॉकी, ऑनलाइन मागवलेले, डब्यातनं काढले की जी फ्रिक्वेन्सी लागली ती. विसर्जनाच्या रात्री मी रेकॉर्डच केलंय: "कपिलेश्वरला लाइन लागलीय, थांबव, थांबव म्हणतोय न्हवं... पाण्याचे बॉक्स कोण घेऊन गेलं बे." पहाटेपर्यंत. आमचं नेट गेलं खड्ड्यात.

आणि नुसतं गणपतीत असतं तर चाललं असतं. जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला अंतराळ स्टेशनवरनं बेंगळूरच्या पोरांशी हॅम रेडिओवर बोलले, मी पुतण्याला घेऊन याग्या अँटेना वळवून १४५.८०० वर बसलोय, पोरगं वही घेऊन, आणि स्टेशन ऐन डोक्यावरनं जाताना कुणीतरी बांधकामावरनं "खडी संपली, खडी" म्हणून ठो ठो. पुतण्या म्हणतो काका हे स्पेसमधनं बोलतात का.

खडेबाजार_७३:
😂😂 खडी! 

वडगाव_व्हीएचएफ:
हसू नका. १४४ ते १४६ आपल्या नावावर आहे आणि ती राखायला कोणी नाही. मे २०२५ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्या १३ कंपन्यांना नोटिसा दिल्या, लायसन्स लागतं हे न सांगता वॉकीटॉकी विकले म्हणून. नोटीस काढून काय, विकलेले सेट परत आले का? माझं म्हणणं सरळ आहे, रेकॉर्डिंगसकट सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंगकडे तक्रार करायची, दोन मंडळांचे सेट जप्त झाले की बाकीचे आपोआप गप्प.

शहापूर_शेला:
आणि मग? आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांचे सेट जप्त करणार, गर्दीत हरवलेलं लेकरू त्यांनीच शोधायचं, म्हातारी चक्कर येऊन पडली की त्यांनीच उचलायची, आणि तुम्ही घरात बसून रेकॉर्डिंग करणार. लोकमान्यांनी १९०५ ला इथे सार्वजनिक गणपती सुरू केला तेव्हापासून मिरवणूक लोकांनीच सांभाळलीय. तुमच्या नेटवर काय चालतं ते पण मी ऐकलंय वो, "सिग्नल फाइव्ह नाइन, वेदर क्लाउडी, लंच झाला." एवढ्यासाठी पोरांवर केस?

वडगाव_व्हीएचएफ:
नियम म्हणजे नियम. माझ्या शेतात तुमचं मंडळ मंडप घालेल का न विचारता?

शहापूर_शेला:
तुमचं शेत कुठलं, सरकारचं शेत आहे, तुम्हाला नांगरायला दिलंय, तेही पडीक ठेवलंय.

राजहंसगड_सिम्प्लेक्स:
पडीक हा शब्द लागला बरं का. पण खोटं नाही. मी माळावरनं ओरडत होतो तेव्हा शहरातल्या परवानाधारकांपैकी एकच जण ऐकत होता.

वडगाव_व्हीएचएफ:
म्हणजे चोराला सोडा आणि मालकाला झोडा. वा. तुमचा हँडी तरी इनव्हॉइसवर आहे का, की तोही मंडळाकडनंच?

राजहंसगड_सिम्प्लेक्स:
माझं लायसन्स भिंतीवर टांगलंय, या बघायला. चहा मिळणार नाही.

निपाणीची_वायएल:
अहो, रागवायच्या आधी मंडळाला कोणी सांगितलंय का, की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर लायसन्स लागत नाही म्हणून? त्या बँडचे कमी पॉवरचे मंजूर सेट मिळतात, एका गल्लीपुरते भरपूर होतात. बाओफेंग त्या फ्रिक्वेन्सीला लावून चालत नाही, पॉवर जास्त आणि मंजुरीही त्या वापराची नाही. आमच्याकडच्या यात्रा कमिटीला मी जाऊन सांगितलं, ऐकलं त्यांनी. सगळ्यांनी नाही. पण बऱ्याच जणांनी.

वडगाव_व्हीएचएफ:
बरं, सांगा. जावा दारोदार. गणपतीनंतर परत "पाण्याचे बॉक्स" ऐकू आलं की माझी तक्रार तयार आहे, तेव्हा ताई मध्ये पडू नका.

टिळकवाडी_टेरेस:
माझा धागा एफटी८ चा होता. 

उद्यमबाग_फाउंड्री:
आणि माझा मोर्सचा. उत्तर कोणीच दिलं नाही.

डिडाडिट:
फाउंड्रीवाले, रविवारी या. साइडटोन ४०० करून बघू, नाहीच ऐकू आलं तर टेबलावर बोट ठेवून ठोका तरी लागतो की नाही ते बघू. परीक्षेचं नंतर. टेरेसवाल्यांनीही यायला हरकत नाही, माउस घेऊन येऊ नका एवढंच. तुमचा ट्रान्सफॉर्मर आणा, चौदा वेढ्यांवर कॅपॅसिटर टाकलाय का नाही ते लिहिलं नाहीत, दहा मीटरला त्यानं फरक पडतो.

टिळकवाडी_टेरेस:
शंभर पीएफ, प्रायमरीला. तिथेच टाकतात काका, सेकंडरीला नाही.

डिडाडिट:
वाचलं असेल कुठेतरी. आणा, मोजू.

कपिलेश्वर_कार्यकर्ता:
नमस्कार, धागा कोणीतरी आमच्या ग्रुपवर पाठवला. "पाण्याचे बॉक्स" म्हणजे मीच, आवाज ओळखला. आम्हाला खरंच माहीत नव्हतं ही तुमची फ्रिक्वेन्सी आहे, डब्यावर काही लिहिलं नव्हतं. मंडळाकडे सहा सेट आहेत, दोनचे बॅटरी कव्हर तुटलेत. ४४६ वाले नवीन घ्यायचे तर हे कोण घेईल का? आणि ती परीक्षा द्यायला काय शिक्षण लागतं?

वडगाव_व्हीएचएफ:
सेट कोणाला विकू नका, विकायची वेगळीच भानगड आहे. बंद करून कपाटात ठेवा. परीक्षेला डिग्री लागत नाही. नियम आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स वाचा, फॉर्म सरकारच्या सरल संचार पोर्टलवर.

कपिलेश्वर_कार्यकर्ता:
मोर्स लागतो का?

उद्यमबाग_फाउंड्री:
झालं, आता हा धागा अजून आठ दिवस चालतंय.