कपाटामागची बुरशी: पाणी येतंय कुठून?

वासणा रोडहून

आपल्या बडोद्याच्या मेल-लिस्टवरच्या मंडळींना नमस्कार,

गणपतीची वर्गणी गेल्या रविवारीच भरलीये, त्यामुळे आता हक्काने त्रास देतोय. मार्चमध्ये इथे तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके भाड्याने घेतला, तेव्हा भिंती कोऱ्या करकरीत होत्या. परवा जरा ऊन पडलं म्हणून बायकोनं साड्या काढायला बेडरूमचं लाकडी कपाट उघडलं तर कुबट वास, मागे हात घातला तर बोटं काळी. दोघांनी मिळून कपाट ओढलं तर मागच्या भिंतीवर गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळे-हिरवट ठिपके आणि कपाटाच्या प्लायवूडच्या पाठीला पांढरी लव, शिळ्या पोळीला येते तशी. गंमत म्हणजे बाजूची उघडी भिंत ठणठणीत कोरडी.

मालकाला फोन केला तर "चोमासामां तो भेज आवे ज ने", म्हणजे पावसाळ्यात ओल येणारच, आणि वर तुम्ही कपडे घरात वाळवता म्हणून झालं असं. वाळवतो की, धो धो पावसात गच्चीवर कोण वाळवणार? आता म्हणतो घर सोडताना रंग तुम्हीच लावून द्या. डिपॉझिट त्याच्याकडे, करार अकरा महिन्यांचा, म्हणजे लावावाही लागेल कदाचित, पण पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय रंग लावून काय उपयोग. पलीकडे बाथरूम नाहीये, शेजाऱ्यांची बेडरूम आहे. कोणाला अनुभव?

सुभानपुऱ्याहून

अहो अजिबात रंग लावू नका आत्ता! आम्ही हीच चूक केली होती. ब्लीचनं पुसलं, वर ऑइल पेंट मारला, दोन महिन्यांत रंगाला फोड आले आणि फोड फोडला तर आत पाणी. शेवटी निघालं काय तर गिझरच्या गरम पाण्याचा पाइप भिंतीत झिरपत होता. तुमच्याकडे पलीकडे बाथरूम नाही म्हणता, पण वरच्या मजल्यावाल्यांनी आतून काही फेरफार केलेत का ते विचारा, लोक बेडरूमला अटॅच्ड करून घेतात आणि पाइप कुठूनही नेतात. पाइपची ओल असेल तर पाऊस थांबला तरी थांबत नाही, ती मेमध्येही दिसते.

समाहून

आमचं घर तळमजल्यावर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी घरात शिरली होती, ते पाणी गेलं पण भिंतीतली ओल जायला वर्ष लागलं. पण तेव्हा एक शिकले ते सांगते. भिंतीवर पांढरं दिसलं की सगळी बुरशी नसते. आमच्याकडे कापसासारखं पांढरं यायचं, मी भीतीनं रोज व्हिनेगर मारत होते, शेवटी कडिया, म्हणजे गवंडी, म्हणाला काकी हा लूणो आहे, म्हणजे आपला लोणा, विटेतला क्षार. पाण्याचा थेंब टाका, क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. आणि जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर वर येऊन थांबते, भिंतीवर तशी रेघच दिसते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि डाग खांद्यापर्यंत, म्हणजे तुमचं ते नाही. बायकोच्या साड्या मात्र आधी दुसऱ्या खोलीत हलवा, बाकी सगळं नंतर.

दांडिया बाजारहून

चिरंजीव, चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, त्यामुळे राहवत नाही. सगळे "कुठे" विचारतात, "केव्हा" कोणी विचारत नाही. पाऊस पडल्यावर ओल वाढते का, वरच्यांनी कपडे धुतल्यावर वाढते का, का रोज ठरावीक वेळेला? चार दिवस कागदावर लिहून काढ.

दुसरं, ओल भिंतीच्या आतून येते का खोलीतल्या हवेतून ते आधी ठरव. माठही बाहेरून ओला आणि बर्फाचं पाणी भरलेला स्टीलचा तांब्याही बाहेरून ओला, पण माठ पाझरतो आणि तांब्याला घाम येतो. किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घे, वीतभर चौकोन भिंतीला चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटव आणि दोन दिवस ठेव. फॉइलच्या मागे ओल दिसली तर माठ, पुढच्या अंगाला दिसली तर तांब्या. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते पण आण. साठ टक्क्यांच्या वर सतत राहिली की सांभाळायला लागतं. आमच्या वाड्यात चुन्याचा गिलावा होता, तो ओल घ्यायचा आणि सोडायचा, आता सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट, भिंतीनं श्वास घ्यायचा कुठून. असो, हा माझा जुना राग आहे.

वासणा रोडहून

काका, फॉइल लावली, दोन दिवस झाले. मागे कोरडी, पुढे पण कोरडी! मधे एक दिवस दणकून पाऊस होऊन गेला तरीही. वरच्यांच्या घरी जाऊन आलो, तिथे काही फेरफार नाहीत, वर त्यांनी चहा पाजला. मीटरवर खोलीत ७८ ते ८४ टक्के दिसतंय. हवेतच एवढी ओल आहे तर मग सगळ्या भिंतींना बुरशी का नाही, ह्याच चार फुटांना का? मालक तर आता खुशीत आहे, म्हणतो बघा, सुकलं ना आपोआप.

टोरंटोहून

मी मूळची कारेलीबागची, लिस्ट अजून वाचते. इथे पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे सेम टू सेम झालं होतं, बाहेरच्या भिंतीला लावलेल्या कपाटामागे काळं आणि बाकी घर छान. इथली बाहेरची भिंत बर्फासारखी गार असते, हीटरची ऊब कपाटामागे पोचत नाही, त्यामुळे तेवढाच भाग अजून गार राहतो आणि घरातली वाफ तिथे जाऊन बसते. बडोद्यात गार भिंत कुठून येणार हे मला माहीत नाही बाई, पण तुम्ही फॉइल लावली तेव्हा कपाट कुठे होतं? ओढलेलंच होतं ना?

वासणा रोडहून

टोरंटोवाल्या ताई, तुमच्या पाया पडतो.

कपाट अर्थातच ओढलेलं होतं. तुमची मेल वाचून शुक्रवारी रात्री फॉइल तशीच ठेवून कपाट परत जागेवर सरकवलं. शनिवारी सकाळी दहाला बघितलं, कोरडं. म्हटलं गेलं हेही. दुपारी अडीचला बायको म्हणाली परत बघ, ओढलं तर फॉइलच्या पुढच्या अंगावर थेंब, अक्षरशः ओघळ, आणि फॉइल सोलून काढली तर मागे कोरडी खडखडीत! रविवारी पण तेच, सकाळी काही नाही, दुपारी घाम. म्हणजे तांब्या आहे, फक्त दुपारी गार होणारा तांब्या. भिंतीला हात लावला तर खरंच गार लागली, हे आधी कसं जाणवलं नाही कोण जाणे. ऑफिसातून लांबून तापमान मोजायचं ते पिस्तूलसारखं यंत्र आणलं, उघडी भिंत २७, कपाटामागची २३.

मग शेजारी गेलो. त्यांचा मुलगा जूनपासून रात्रपाळीला आहे, सकाळी नऊला येतो आणि खिडक्यांना काळे पडदे लावून संध्याकाळपर्यंत झोपतो, एसी १८ वर. एसी समोरच्या भिंतीवर आणि झोत थेट आमच्या भिंतीवर. मधली भिंत चार इंची, अर्ध्या विटेची. मार्च ते मे माझा पण एसी चालू असायचा त्यामुळे हवा कोरडी, पावसाळ्यात मी एसी बंद करून खिडक्या उघडल्या आणि सगळी ओल आत घेतली.

दांडिया बाजारहून

शाब्बास. आता हिशोब जुळतो. तुझ्या खोलीत २९ डिग्री आणि ८२ टक्के धरलं तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, साडेपंचवीसच्या थोडा वर येतो. उघडी भिंत २७, वाचली. कपाटामागची २३, भिजली. कपाट म्हणजे भिंतीवर चुकीच्या बाजूनं घातलेली रजई, तुझ्या खोलीची ऊब अडवते पण दमट हवा फटीतून आत जातेच. फॉइल लावून कपाट परत जागेवर सरकव असं मीच सांगायला हवं होतं, ते माझ्या डोक्यात आलं नाही. कपडे आत वाळवल्यानं आर्द्रता थोडी चढते, तेवढा मालकाचा मुद्दा खरा, पण मूळ ते नाही.

डाग कोरड्या ब्रशनं घासू नकोस, कण घरभर उडतील. मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसून काढ आणि पंखा लावून वाळव. ब्लीच वापरलंस तर त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ऍसिड चुकूनही मिसळू नकोस, क्लोरीन गॅस होतो. प्लायवूडची पाठ फार पोखरली असेल तर सुतार नवीन मारून देईल.

वासणा रोडहून

केलं सगळं. कपाट समोरच्या भिंतीला गेलं, तेही वीतभर सोडून. शेजारच्या काकू बिचाऱ्या फारच ओशाळल्या, मी म्हटलं तुमचा काय दोष, कोणाच्या स्वप्नात येणार आहे हे. २०२० पासूनचे नवीन एसी चालू केले की आपले आपण २४ वर लागतात, तोच रोज मुद्दाम १८ वर नेत होता. आता २५ वर आणि झोताच्या पट्ट्या वर केल्यात. दुपारी भिंत बघतो, गार लागते पण ओली नाही.

मालकाला फॉइलचे फोटो वेळ घालून पाठवले. दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. आज मेसेज आला, रंगाचं दिवाळीनंतर बघू, अर्धं अर्धं करू. रंग दिसायला काही हजारांत जाईल, अर्ध्यावर मी तयार नाहीये खरं तर, पण भांडण आत्ता नको.

सुभानपुऱ्याहून

अर्ध्यावर तयार होऊ नका!! आणि ते मीटर रिकामं झालं असेल तर आरतीला येताना घेऊन या, आमच्या देवघरामागच्या भिंतीचा मला आता संशय यायला लागलाय. पलीकडे शेजाऱ्यांचा एसी आहे.