सिबिलवरचा ‘सेटल्ड’ शेरा: एजंटला पैसे देऊ का?

सोनचाफा:
नमस्कार. गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झालाय, म्हणून विचारते. २०२० मध्ये नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे ६८,४०० रुपये थकले. पुढच्या वर्षी बँकेच्या वसुलीवाल्यांनी सांगितलं, ‘४०,००० भरा, विषय मिटला.’ बांगड्या मोडून भरले. पत्रही मिळालं. आता सिबिलचा (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) रिपोर्ट काढला तर त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ आहे. शिवाय फ्रिजसाठी घेतलेलं कर्ज मी शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं, तरी त्यात १,१५० रुपये बाकी दिसतायत. एक एजंट १५,००० रुपयांत दोन्ही ‘पुसून’ देतो म्हणतो. द्यावेत का? कोणाला विश्वासाचा माणूस माहीत असेल तर सुचवा.

वाटसरू:
अजिबात देऊ नका. मी दिले होते. त्याने माझा ओटीपी घेऊन सरसकट सगळ्या खात्यांवर तक्रारी टाकल्या. महिनाभर रिपोर्टवर ‘तक्रार प्रलंबित’ असं दिसत राहिलं, बँकेने ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवलं आणि होतं तिथेच आलो. तक्रार करायला पैसे लागतच नाहीत.

हिशेबनीस:
ताई, मी बावीस वर्षं बँकेच्या वसुली विभागात होतो. माणूस शोधू नका, हे तुम्हालाच जमेल. फक्त तुमच्या दोन नोंदी दोन वेगळ्या जातीच्या आहेत, त्या एकत्र करू नका.

फ्रिजची नोंद चुकीची आहे. ती दुरुस्त करून घेणं हा तुमचा हक्क. कार्डाची नोंद मात्र खरी आहे. बँकेने ६८,४०० ऐवजी ४०,००० घेतले, २८,४०० सोडून दिले. ‘सेटल्ड’चा अर्थ तोच. पुढची बँक हा शब्द वाचते तेव्हा तिला दिसतं की आधीच्या बँकेला पूर्ण पैसे मिळाले नाहीत. वसुलीवाल्याने हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्या विभागात हे सांगण्याची पद्धत नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता फ्रिजचं. कर्ज देणाऱ्या कंपनीकडून ‘नो ड्यूज’, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र आणि खातेउतारा घ्या. मग सिबिलच्या संकेतस्थळावर त्या एकाच खात्याची तक्रार नोंदवा. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, ते कंपनीला विचारतात. कंपनीला उत्तरासाठी २१ दिवस, आणि सगळं मिळून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर २०२४ च्या एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, सगळं त्यावर चालतं.

कार्डासाठी बँकेला लेखी विचारा: ‘उरलेले २८,४०० भरले तर खातं ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) म्हणून कळवाल का?’ उत्तर लेखी येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. भराल ते थेट कार्डाच्या खात्यात, कोणाच्या हातात नाही. नंतर नवीन ‘नो ड्यूज’ घ्या. २०२४ चं पत्र चालणार नाही, कारण... चुकलो, २०२१ चं. त्यात तडजोडच लिहिलेली असणार.

मनमोकळा:
एवढं कशाला? सात वर्षं झाली की नोंद आपोआप जाते. थांबा थोडं.

हिशेबनीस:
हा गैरसमज फार पसरलाय. माहिती ‘किमान’ सात वर्षं ठेवायची, असा नियम आहे. सात वर्षांनी पुसलीच जाईल अशी हमी त्यात नाही. आणि बँक खातं ‘राइट-ऑफ’ (बुडीत धरलेलं) म्हणून कळवतच राहिली तर ते दिसतच राहतं. राइट-ऑफ ही बँकेच्या वहीतली गोष्ट, त्याने कर्ज माफ होत नाही.

झाडवेडी:
सोनचाफा, रिपोर्ट चारही ठिकाणचा बघा. सिबिलशिवाय एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क आहेत. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. माझ्या सिबिलमधली चूक दुरुस्त झाली, पण नवीन बँकेने दुसरीकडचा रिपोर्ट काढला आणि तिथे ती तशीच! जामीन राहिला असाल तर तेही तपासा. मी चुलतभावाला जामीन राहिले होते, त्याचे चुकलेले हप्ते माझ्या रिपोर्टमध्ये आले.

सोनचाफा:
खूप आभार सगळ्यांचे. हिशेबनीस काका, २८,४०० भरले की लगेच कर्ज मिळेल का? आणि बँकेने उत्तरच दिलं नाही तर?

हिशेबनीस:
लगेच नाही, खोटी आशा देणार नाही. शेरा बदलेल, २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, म्हणून पूर्वीसारखं महिना-दोन महिने ताटकळावं लागत नाही. हप्ते किती दिवस उशिरा आले त्याचा ३६ महिन्यांचा तक्ता मात्र खरा इतिहास आहे, तो कोणी खोडत नाही. गृहकर्जाच्या अर्जासोबत नोकरी गेल्याचं पत्र आणि नवीन ‘नो ड्यूज’ जोडा. समोर बसलेला अधिकारी वाचतो, मी वाचायचो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फुकट आहे. २०२२ च्या सप्टेंबरपासून सिबिलसारख्या कंपन्यांविरुद्धही तिथे जाता येतं.

सोनचाफा (तीन आठवड्यांनी):
फ्रिजवाल्या कंपनीने चूक मान्य केली, बाकी शून्य झाली. १,१५० हा शेवटचा हप्ता उशिरा वटल्याचा दंड होता, मला कधी कळवलाच नव्हता. कार्डाच्या बँकेचं पत्र आज आलं: उरलेली रक्कम भरल्यास ‘क्लोज्ड’ कळवू. एजंटला नाही म्हटलं. सोमवारी शाखेत जाऊन भरते आणि पोच घेऊनच उठते.