मे महिन्यातलं लग्न, घरचा मांडव: फुलं कुठली घेऊ?

उभादांड्याची_लेक
12 जानेवारी

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझं लग्न आहे. मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराचा, मांडव वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला आमच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात. माणसं साडेतीनशेच्या घरात. मी नोकरीला पुण्यात, त्यामुळे सगळी तयारी फोनवरून आणि बाबांच्या मर्जीने चालली आहे.

डेकोरेटरने 78 हजारांचं कोटेशन पाठवलं. मागच्या पडद्यावर ऑर्किड, कमानीला जर्बेरा आणि डच गुलाब, जेवणाच्या टेबलांवर हिरव्या स्पंजात खोचलेले गुच्छ, आणि मधली जागा भरायला निळ्या रंगात बुडवलेली शेवंती. निळी शेवंती! मी विचारलं, इथली फुलं नाहीत का? तर म्हणाला, "ताई, इथे कुठे आलीत फुलं? सगळं बेळगावहून येतं." ते मला जरा लागलंच. माझ्या आजीच्या अंबाड्यात रोज काही ना काही असायचं, ते काही बेळगावहून येत नव्हतं.

बाबा आधी म्हणाले, "फुलंच ती, कुजून जातात, त्यात पर्यावरण कुठून आलं?" मग कोटेशनचा आकडा बघितला आणि म्हणाले, "त्यापेक्षा प्लास्टिकची भाड्याने आणू. तीच तीच दहा लग्नांत वापरतात, म्हणजे कचरा कमीच की." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

मला स्वतःला सुरंगीच्या सुवासिक फुलांचा वळेसार, म्हणजे गजरा, माळायचा आहे, ही एकच हौस. सासरची मंडळी गडहिंग्लजची. त्यांच्या काकांना वधूवरांचे हार गुलाबाचे आणि गुडघ्यापर्यंत हवे आहेत. तो विषय वेगळाच.

मांडववाला_कुडाळ
12 जानेवारी

मंडपाचा धंदा माझाच आहे, म्हणून प्लास्टिकच्या फुलांबद्दल मीच सांगतो. दहा लग्नं चालतात हे खरं, पण एसी हॉलमध्ये. उघड्या खळ्यात, मेच्या उन्हात आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गुलाबी रंग पाच-सहा कार्यक्रमांत पांढरट पडतो. मग ती माळ गिऱ्हाईक घेत नाही. ती धुवायची कशी हाही एक प्रश्न आहे, कारण पाकळ्यांच्या बेचक्यांत धूळ बसली की पावडरीच्या पाण्यात बुचकळूनही निघत नाही. शेवटी गोडाऊनच्या मागे ढीग होतो, आणि त्या ढिगाचं पुढे काय होतं ते कोणी विचारू नये. मी दोन वर्षांपूर्वी ती ठेवणं बंद केलं. पर्यावरणासाठी म्हणून नाही, उंदीर झाले म्हणून.

जाता जाता एक. नावांची पाटी थर्माकोलची करतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. तरी करणारे करतात.

वळेसारवाली
13 जानेवारी

बाय, तुझा डेकोरेटर बोलला ते अर्धं खरं आहे. बाजारात इथलं फूल फारसं नसतं. ते परसात असतं, आणि परसातलं फूल आदल्या दिवशी फोन करून मिळत नाही. पण तू तर जानेवारीत विचारते आहेस. जवळजवळ चार महिने हातात आहेत. निवडत काय बसतेस, लाव की!

मी बावीस वर्षं शिरोड्याच्या बाजारात फुलं विकते आणि हंगामात दहा-बारा लग्नं करते. सांगते ते हाताने केलेलं आहे.

बाबांना सांग, विहिरीजवळचा एखादा कुणगा, म्हणजे शेताचा लहान तुकडा, भात कापून रिकामा पडला असेल, तो झेंडूला द्या. जानेवारीच्या शेवटी वाफ्यात बी टाका. साडेतीन-चार आठवड्यांत रोप लावणीला येतं, तेव्हा कुणग्यात हातभर अंतराने लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. जीव खालवर होतो खुडताना, पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत आणि फुलंही वाढत नाहीत. आठवडाभर उशीर होतो, तेवढा धरून चाला. लावणीपासून दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. उन्हाळ्यातलं फूल थंडीतल्याएवढं मोठं होत नाही हे आधीच सांगते, नाहीतर मेमध्ये मला शिव्या घालशील. माळेला लहानच बरं, मोठं फूल वजनाने लोंबतं. लग्न झालं की रोपं उपटून टाकू नका, तिथेच नांगरा. झेंडूच्या मुळांनी जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात, पुढे त्या कुणग्यात वांगी किंवा मिरची करायची असेल तर फायदाच.

मोगरा घरी असेलच. नसेल तर शेजारी असेल. त्याचं पाणी आजपासून तोड. पाला झडायला लागला की गुडघ्याएवढा छाट, बुंध्यात शेणखत घाल आणि मग पाणी सोड. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीवर, जुनी काडी नुसतीच वाढत राहते. मुहूर्त बाराचा आहे, म्हणून कळ्या त्याच दिवशी पहाटे काढायच्या, आदल्या संध्याकाळी नाही. आदल्या दिवशीच्या रात्री उमलतात आणि दुपारी मुंडावळ्यांत तांबूस होऊन लोंबतात. पहाटेच्या कळ्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेव. बर्फात नको, काळ्या पडतात.

आता ओवळं, म्हणजे पुस्तकातली बकुळ. मेमध्ये मिळतात, झाडागणिक मागेपुढे. हे एकच फूल असं आहे की झाडाला हातही लावावा लागत नाही. रात्री गळतं आणि सकाळी खाली सडा असतो. नखाएवढं चांदणीसारखं फूल. गळताना त्याचा देठाकडचा भाग झाडालाच राहतो, त्यामुळे मधोमध आयतं भोक असतं, सुई लागत नाही. केळीचं सुकलेलं सोपट, म्हणजे बुंध्याची साल, पाण्यात भिजवून त्याचा पातळ धागा काढायचा आणि फुलं ओवत जायचं. मुलांना कामाला लाव, अर्ध्या तासात हातभर होतं. दुपारपर्यंत फूल तपकिरी पडतं, पण वास जात नाही. माझ्या आईच्या ट्रंकेतला वळेसार पूर्ण काळा पडलाय, अजून झाकण उघडलं की कळतं.

कमानीला अबोली आणि झेंडू एकत्र छान दिसतात. अबोलीला वास नाही, पण ती उन्हात मान टाकत नाही. तुझ्याकडे आता लावून मेपर्यंत पुरेशी होणार नाही, तेव्हा वाडीतल्या चार घरांना आतापासून सांगून ठेव आणि पैसे दे. फुकट मागू नको. बायका उन्हात वाकून एकेक फूल वेचतात.

हिरव्या स्पंजाबद्दल. मीसुद्धा दोन हंगाम तो वापरला. सोपा पडतो, पाण्यात बुडवला की दांडा खोच, झालं. तो स्पंज म्हणजे प्लास्टिकच आहे, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं. नख लावलं की हिरवं पीठ होतं, म्हणून आपल्याला वाटतं मातीत मिसळेल. मी तो परसात टाकत होते. पुढल्या पावसाळ्यात तिथे अळू लावायला गेले तर कुदळीबरोबर हिरवे दाणे वर आले, वर्षभरानंतर जसेच्या तसे. आणि पाऊस पडला की आमच्या परसाचं पाणी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, आणि व्हाळाचं खाडीला. तेव्हापासून केळीचा गाभा वापरते. घड काढलेली केळ तशीही तोडायचीच असते. बुंध्याचे वीतभर तुकडे करायचे, सुरीच्या टोकाने भोक पाडून दांडे खोचायचे. त्याच्यात पाणी मुळातच असतं. संध्याकाळपर्यंत फूल ताठ. दुसऱ्या दिवशी तुकडे गोठ्यात, गुरं खातात. टेबलावर पानासारखा हिरवा-पांढरा दिसतो, वर कापडबिपड गुंडाळायची गरज नाही.

आणि दोरा! हे कोणी विचारत नाही. फुलं कुजतात असं तुझे बाबा म्हणतात, दोरा कुजतो का? मागे एका घरी लग्नानंतर हार उकिरड्यावर टाकले आणि शेजाऱ्यांच्या गायीने खाल्ले. चार दिवस रवंथ बंद, पोट फुगलेलं. नशीब म्हणून वाचली. शेणातून हातभर नायलॉनचा दोरा निघाला, जरीच्या फितीसकट. तेव्हा डेकोरेटर कोणताही घे, पण सुती दोरा, सुतळी किंवा सोपट एवढंच चालेल, तार आणि जरी नको, असं कागदावर लिहून घे. ऑर्किडच्या प्रत्येक दांड्याला पाणी भरलेली प्लास्टिकची नळी असते, तीही विचार कुठे टाकतो. थायलंडहून विमानाने आलेलं फूल आमच्या उभादांड्याच्या वाळूत नळ्या सोडून जायचं, ह्यात काय अर्थ आहे?

आरवलीचो_म्हातारो
13 जानेवारी

गो बाय, मे म्हयन्यात सुरंगी खंय मिळतली? तिचो हंगाम शिमग्याच्या आगे-मागे. फेब्रुवारी ते एप्रिल, त्यातसुद्धा एकेका झाडाचो भर थोडेच दिवस. आसोली, सोन्सुरा, आमची आरवली, ह्या पट्ट्यात झाडां आसत, पण मोठी झाडां आता कमी झाली. फूल फांदयेक चिकटान येता. कळी फुटाच्या आधी पहाटे काढूची लागता, उजाडला की मधमाशे येतत आणि फुललेल्या कळयेक भाव नाय. पूर्वी झाडाखाली चादर पसरून, वर चढान काढीत. आता चढाक माणूस गावना नाय, म्हणान काय जण फांदीच तोडतत. त्या म्हाताऱ्या झाडाक परत तशी फांदी येवक वर्सां लागतत. म्हणान सुरंगी घेतलस तर विचार, फांदयेसकट हाडलली काय?

तुका होयीच तर मार्चात दोन वळेसार घे, सावलीत सुकव आणि लग्नाच्या लुगड्याच्या घडयेत घालून ठेव. माळूक गावाचा नाय, पण लुगड्याक वास येतलो.

आणखी एक. मांडवाक भेरली माडाची पानां लावतत, ती लावू नको. तो माड जंगलात सावकाश वाढता आणि एकदा फुलान फळान झालो की मरता. त्येची फळां धनेश खातत, कांडेचोर (उदमांजर) खातत. आपल्या माडाची चुडतां (झावळ्यो) काय कमी आसत? पडलेली चुडतां विणून लाव. आंब्याचे टाळ (डहाळे) रायवळाचे काढ. मेमध्ये हापूसच्या कलमाक कोयती लावलस तर तुझो बापूस लग्न मोडीत.

उभादांड्याची_लेक
15 जानेवारी

आजोबा, शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. अर्धा मिनिट हसले, मग म्हणाले, "बरोबर आहे."

काल संक्रांतीला घरी आले होते. काकू, विहिरीजवळ कुणगा आहे, पण त्यात बाबांनी कुळीथ पेरला आहे. पलीकडचा लहान आहे, तो चालेल असं आई म्हणते. मोगरे तीन आहेत, तिन्ही छपरापर्यंत गेलेले आणि गेल्या वर्षी मोजून वीस कळ्या आल्या. आता कळलं का ते. आईने त्यांना छाटायला सपशेल नकार दिलाय. आजीने लावलेले म्हणून. दोन छाटू, एक ठेवू, एवढ्यावर आणलं आहे.

सुरंगी लुगड्यात ठेवणार. वाईट वाटलं थोडं, पण ठीक.

ओवळाचं झाड आमच्याकडे नाही, वाटेवरच्या देवळाच्या आवारात आहे. तिथलं वेचलं तर चालतं का? आणि गुलाबाच्या हारांचं काय करू? गडहिंग्लजचे काका ऐकत नाहीत. वर त्यांना वरातीत चमकीच्या पट्ट्या उडवणाऱ्या त्या नळ्याही फोडायच्या आहेत.

मांडववाला_कुडाळ
15 जानेवारी

त्या नळ्यांना ठाम नाही म्हणा. मीही गिऱ्हाइकांना देत नाही. वारा उडवून नेतो आणि पुढचे आठ दिवस गवतात, विहिरीत, किनाऱ्यावर चमचमत असतं. बाजूला वायंगणीला कासवं अंडी घालायला येतात, तिथले लोक घरटी राखतात. त्यांच्या वाटेवर हे कशाला? झेंडूच्या पाकळ्या टोपलीत भरून द्या, काकांना उडवू दे हवं तेवढं. त्याच पाकळ्या अक्षतांमध्ये मिसळल्या तर तांदूळही कमी तुडवला जातो.

वळेसारवाली
16 जानेवारी

कुळीथ उपटू नका, लहान कुणगा पुरे. शंभर-सव्वाशे रोपं बसली तरी तोरणं आणि कमान निघते. कमी पडला तर वाडीतून विकत घे.

गुलाब काकांनाच आणायला सांग. आंबोलीच्या घाटातून त्यांच्या गाड्या यायच्याच आहेत, रिकाम्या थोड्याच येणार? तिकडे उघड्या रानात केलेला देशी गुलाब मिळतो, सुट्या फुलांचा. सुती दोऱ्यात, मध्ये तुळस घालून ओवला तर कमरेपर्यंतचा हारही भरगच्च दिसतो. गुडघ्यापर्यंत नेलात तर नवरा बोहल्यावर चढताना पायात अडकेल, हे त्यांना तूच सांग. त्याची आठवण राहील लोकांना, फुलांची नाही.

देवळातलं ओवळ वेचायला कोणी अडवत नाही, पण गुरवांना आधी विचार आणि पहिली ओंजळ देवाला ठेव. तिथे सडा पायवाटेवर पडत असेल, म्हणून आदल्या रात्री झाडाखाली काहीतरी अंथरून ये. जुनी सुती साडी घे. नायलॉनच्या साडीवर फुलं टिकत नाहीत, जरा वारा आला की घरंगळत उताराला जातात, आणि पहाटे अंधारात तू वेचत बसशील.