शरणार्थी, निर्वासित, आश्रयार्थी : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : आसरा मागायला आलेल्यांना ठेवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने देशाबाहेरच्या बेटांवर काढलेल्या छावण्यांवरचा लेख मराठीत आणते आहे. त्यात 'असायलम सीकर' आणि 'रेफ्युजी' हे दोन वेगळे शब्द आहेत, शिवाय 'रिसेटलमेंट'. आपल्या बातम्यांत सगळे निर्वासित आणि सगळं पुनर्वसन. चालेल का?

उत्तर : सरसकट नको, ताई. आसरा मागितला पण निकाल लागायचा आहे, तो आश्रयार्थी. १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत बसतो असं मान्य झालं की निर्वासित.

'शरणार्थी' मी टाळतो. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, घरसुद्धा. मराठीत मात्र 'शरण आला' म्हटलं की शस्त्र खाली ठेवलेला माणूस दिसतो. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी मंडळींनाही हा शब्द टोचत असे. 'आम्ही पुरुषार्थी' म्हणायचे. 'निर्वासित' म्हणजे हाकलून दिलेला. कुणीतरी हाकललं आहे, हे त्या शब्दातच आहे. उल्हासनगरला सिंधी निर्वासितांची छावणी होती, आणि अजून रिक्षावाला 'कॅम्प तीन का चार?' असंच विचारतो.

'राजाश्रय' तर नकोच, तो कवी-गवयांना मिळायचा. 'राजकीय आश्रय' लिहा.

खरी अडचण 'पुनर्वसन'ची. आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे कोयनेचे धरणग्रस्त : उठवणारं आणि वसवणारं सरकार एकच. इथे घर सुटलं एका देशात, आसरा मागितला दुसऱ्याकडे, वसवणार तिसरा. म्हणून 'तिसऱ्या देशात वसवणे'. नेपाळमधल्या छावण्यांतून २००७ पासून एक लाखाहून जास्त भूतानी निर्वासित अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेले, ते खरोखर वसले.

ऑस्ट्रेलियाने १९ जुलै २०१३ला पापुआ न्यू गिनीशी केलेल्या कराराच्या नावातच 'रिसेटलमेंट' होतं. प्रत्यक्षात माणसं त्या देशाच्या मानुस बेटावर कुंपणाआड राहिली, आणि एप्रिल २०१६मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ते डांबून ठेवणं घटनाबाह्य ठरवलं. त्याला पुनर्वसन म्हणू नका. 'स्थानबद्धता' म्हणा.

प्रश्न : आणि 'प्रोसेसिंग सेंटर'? 'प्रक्रिया केंद्र' लिहिलं, पण आमच्या तालुक्यात फळप्रक्रिया केंद्र आहे. आंब्याचा गर काढतात तिथे. माणसांसाठी तोच शब्द लिहायला हात धजेना.

उत्तर : मग नका लिहू. सरकारी नाव एकदा अवतरणात द्या, पुढे सगळीकडे 'छावणी'.